सरांचा पिवळा डोळा

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट तिचा रंग तपासल्याशिवाय पदरात घेतली नाही, आणि त्या गोष्टींत मीही मोडतो. नगरच्या एका लहानशा चित्रकला विद्यालयात ते रंग शिकवत. आजूबाजूचे सगळे त्यांना सर म्हणत. सासूबाईही सरच म्हणत. माझी बायको वंदना लहानपणापासून सर म्हणत आलेली; बाबा म्हणायची ती फक्त ताप आला की. त्यामुळे लग्नानंतर मी त्यांना काय म्हणावं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वंदनाला पाहायला गेलो तेव्हा दूध संघाच्या शीतकरण केंद्रात फॅट तपासायच्या नोकरीला होतो. पगार, शेती, भाऊ-बहिणी हे प्रश्न माझ्या मामांनी पाठ करून घेतले होते. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी अशा वेषात ते समोर बसले होते. (कपड्यात रंग आला की डोळा पक्षपाती होतो, असं त्यांचं म्हणणं.) बराच वेळ माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "दुधाचा रंग कोणता?"

मामा घाईघाईनं "पांढरा" म्हणाले. मी मात्र सवयीनं विचारून बसलो, "कुणाच्या?"

"म्हणजे?"

"गाईच्या दुधात पिवळट झाक असते. म्हशीचं पांढरं, किंचित निळ्याकडं जाणारं. शेजारीशेजारी ठेवलं की कळतं."

सर उठले, आत गेले आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सासूबाईंना म्हणाले, "मुलगा बघतो." आपल्याकडे मुलगा मिळवतो, मुलगा शिकलेला आहे, मुलगा निर्व्यसनी आहे अशा शिफारशींवर लग्नं ठरतात. माझं 'मुलगा बघतो' एवढ्यावर ठरलं.

सरांच्या वर्गात जायचं म्हणजे काळ्या रंगाची ट्यूब चपलांसारखी दाराबाहेर काढून यायचं. काळा हा रंग नसून आळस आहे, असं ते सांगत. काळं हवं असेल तर निळ्यात तपकिरी मिसळून मिळवा, कष्टाचं काळं करा. दाराबाहेरच्या कट्ट्यावर ट्यूबांची रांग लागलेली असे आणि जाताना हमखास कुणीतरी दुसऱ्याची नवी ट्यूब घालून, म्हणजे घेऊन, जाई. रंगचक्र या गोष्टीवर त्यांचा विशेष राग. "चक्र सायकलला असतं," ते म्हणत. प्राचार्य बिचारे अभ्यासक्रमाचा कागद घेऊन मागे लागायचे, की सर, तेवढं रंगचक्र काढून घ्या, परीक्षेला येतं. सर "बघू" म्हणायचे आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात नवा विषय लिहायचे.

विषय म्हणजे काय, तर एकरंगसंगती शिकवायची असली की 'वाट पाहणं'. एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांत मुलांनी आपापल्या घरी कोण कुणाची वाट पाहतं ते काढायचं. गुलाबीच्या छटा शिकवताना विषय 'लाज'. राखाडी रंग कसे जमवायचे याला विषय 'शाळेतला शेवटचा तास'. रंग हे डब्यात नसतातच, माणसाला काहीतरी झालं की ते निघतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि 'कालवून बघा' हे त्यांचं एकमेव गृहपाठाचं वाक्य.

विरोधी रंगांना विषय असे 'भांडण'. ऐकीव चालायचं नाही, भांडण आपल्या घरचंच हवं. एका वर्षी तिसगावच्या एका मुलानं आपला बाप आणि चुलता शेताच्या बांधावरून भांडतात ते काढलं. बाप लालभडक, चुलता हिरवागार, मधे बांध. चित्र उत्तम जमलं, भिंतीवर लागलं आणि कसं कोण जाणे, बातमी तिसगावच्या बाजारात पोचली. पुढच्याच आठवड्यात पटका बांधलेला एक धिप्पाड माणूस वर्गाच्या दारात उभा.

"मास्तर, त्याला लाल केला अन् मला हिरवा कशापायी? मी काय त्याला भेलो हाय व्हय?"

मुलगा बाकाखाली गेला होता. सर मात्र खूष झाले. आपल्या चित्राची चौकशी करायला कुणी इतक्या लांबून आलं याचंच त्यांना कौतुक. त्यांनी चुलत्याला चित्रासमोर नेलं, हिरव्या भागावर एक कोरा कागद धरला आणि विचारलं, "आता बघा, तुमचा भाऊ कसा दिसतो?"

"जरा इझल्यासारखा वाटतोय."

सरांनी कागद काढला. "आता?"

"आता पेटला."

"तुम्ही हिरवे आहात म्हणून तो लाल आहे. तुम्ही नसाल तर त्याला कुणी विचारणार नाही."

चुलत्यानं कागद स्वतःच्या हातात घेऊन दोन-चारदा झाकून-उघडून पाहिलं. मग मिशीवर हात फिरवत म्हणाला, "म्हंजी त्यो लाल झालाय त्यो माझ्यामुळंच!" आणि समाधानानं गेला. भांडण मिटलं वगैरे काही नाही. उलट पुढे कितीतरी दिवस तो तिसगावात हे सांगत फिरत होता असं कळलं.

घरीही वेगळी तऱ्हा नव्हती. मेथीच्या भाजीशेजारी लाल चटणी नसली तर सर जेवण अर्धवट झालंय असं धरून चालत. चटणी खात नसत, फक्त ताटात हवी. कापडबाजारात त्यांच्याबरोबर साडी घ्यायला जाणं ही शिक्षा होती. ते दुकानदाराला "आजारातून उठलेल्या माणसाच्या गालाचा गुलाबी दाखवा" असं सांगत. नवे नोकर गोंधळत. जुना नोकर एकही शब्द न बोलता वरच्या फळीवरून बरोब्बर तो गठ्ठा काढी. सासूबाई तोवर दुकानाच्या पायरीवर बसून भाजीवालीशी बोलत असत. साडी आपल्यासाठी घेतली जातेय याच्याशी आपला संबंध नाही, हे त्यांनी फार पूर्वीच मान्य केलं होतं. बाई कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या त्यावर सरांना उत्तर सुचायचं नाही.

तर असं सगळं छान चाललेलं असताना, आमच्या लग्नाला काही वर्षं झाली असतील, सरांचं आणि निळ्या रंगाचं बिनसलं.

आधी त्यांनी रंगाच्या कंपन्यांना दोष दिला. हल्लीच्या निळ्यात जीव राहिला नाही, भेसळ करतात, असं ते म्हणायला लागले. मग नगरच्या आभाळाला नावं ठेवली. एमआयडीसीच्या धुरानं आभाळ हिरवट पडलंय, कुणाचं लक्ष नाही. एका दिवाळीला त्यांनी घराचं फाटक स्वतः रंगवायला काढलं. सगळ्यांना सांगितलं की पहाटेच्या धुक्यातला निळा देतोय, अगदी मंद. त्यांनी डब्यात निळा ओतला, पुन्हा ओतला, मान हलवली, आणखी ओतला. फाटक झालं ते असं, की त्याच्याकडे पाहिल्यावर दात आंबावेत. पोस्टमन नव्या माणसाला पत्ता सांगताना "ते निळं बोंबलतंय ना, त्याच्या शेजारचं" असं सांगू लागला. सर मात्र फाटकापाशी उभे राहून म्हणायचे, "अजून थोडा चालला असता." त्यांना कोण सांगणार? ज्या माणसानं सगळ्यांना बघायला शिकवलं, त्याला तुम्हाला दिसत नाही असं सांगायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

फाटकानं कुणाचं नुकसान झालं नाही. सुजाताचं झालं.

सुजाता जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याची. वडील ग्रामसेवक, मुलगी नगरला आत्याकडे राहून चित्रकला शिकत होती. आंबेडकर जयंतीची मिरवणूक, विहारावरची रोषणाई, हे बघत वाढलेली मुलगी. सरांनी त्या वर्षी शीत रंगांना 'आनंद' हा विषय दिला होता. लाल, पिवळा, केशरी यांच्यात आनंद कुणीही दाखवील. फक्त निळ्या-जांभळ्या-हिरव्यात दाखवा, अशी अट. मुलं डोकं धरून बसली. सुजाताला मात्र डोकं धरायचं कारणच नव्हतं. तिनं आपल्या गावची जयंतीची संध्याकाळ काढली. किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्यानं मिरवणूक चाललीय, निळे झेंडे, निळा गुलाल उडालेला, त्या गुलालात पोरांचे चेहरे निळे, वर मावळतीनंतरचं आभाळ.

दर शनिवारी मी लूनावरून सरांना घरी न्यायला वर्गावर जात असे, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सर चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? मिरवणूक आहे की तळं? शेवाळ आलंय सगळ्यांवर."

वर्ग हसला. सुजाता म्हणाली, "सर, निळाच दिलाय."

"मळलाय तो. पाणी बदलत जा. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. पुढच्या शनिवारी सर म्हणाले, अजून मळकाच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, मला तर चांगलं निळं दिसतंय."

"जावईबापू, तुम्ही फॅट बघा," सर म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी सुजातानं तिसरं चित्र आणलं. त्यातला निळा इतका निळा होता, की कागद मागून भिजला असेल असं वाटावं. सरांनी चित्र खिडकीपाशी नेलं, हात लांब करून पाहिलं, जवळ आणून पाहिलं. आणि खरोखर दुःखानं म्हणाले, "तुला निळा येत नाही गं बाळ."

या वेळी वर्ग हसला नाही. सुजातानं ब्रश धुतले, पुसले, पिशवीत भरले. "सर, याच्याहून निळा माझ्याकडं न्हाई," एवढं म्हणाली आणि चित्र टेबलावरच ठेवून गेली. सोमवारी आली नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या आत्यानं निरोप दिला की ती गावी गेलीय, नर्सिंगला नाव घालणार आहेत.

सर चार दिवस धड जेवले नाहीत. मुलगी सोडून गेली याचं दुःख होतंच, पण आपण खरं बोललो याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि त्यामुळे ते दुःख कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

अशात एका रविवारी सकाळी मी आणि वंदना सासुरवाडीला गेलो होतो. केंद्रावरून म्हशीचं दूध आणलं होतं. घरचं रतिबाचं गाईचं होतंच. सासूबाईंनी दोन्ही पातेली ओट्यावर ठेवली. सर पाणी प्यायला आत आले, पातेल्यांकडे पाहून म्हणाले, "आज गाईचं जास्त घेतलंत?"

सासूबाई म्हणाल्या, "हे म्हशीचं आहे. जावईबापूंनी आणलं."

"छे. दोन्ही गाईचीच आहेत. बघा की, पिवळी."

सासूबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मी दोन ग्लास भरले आणि शेजारीशेजारी त्यांच्यासमोर धरले. सर हसले. मग हसता हसता थांबले. त्यांनी ग्लास हातात घेतले, परसदारी उन्हात गेले, अदलाबदल करून पाहिले. परत आत येऊन म्हणाले, "माझ्या ट्यूबा आणा. नावं झाका."

वंदनानं एकेका ट्यूबवर कागद गुंडाळला आणि रंगाचे ठिपके एका पांढऱ्या बशीत काढले. लाल त्यांनी ओळखला, पिवळा ओळखला. निळ्याला करडा म्हणाले. जांभळ्याला मातकट तपकिरी म्हणाले. वंदनाच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. ते खुर्चीत बसले. बशीकडे पाहत हळूच म्हणाले, "म्हणजे आभाळ ठीक आहे."

सावेडीच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासून सांगितलं की दोन्हीकडे मोतीबिंदू आहे आणि चांगला पिकलाय. "कित्येक वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय, सर."

"कुठला पिवळा?" सरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"लिंबाचा, की जुन्या वर्तमानपत्राचा?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "कोऱ्या चहाचा म्हणा." सरांना हे उत्तर फार आवडलं. या बाईंच्या हाती डोळा द्यायला हरकत नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. आधी उजवा करायचा, महिन्या-दीड महिन्यानं डावा, असं ठरलं.

उजव्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. त्या खोलीत आणखीही पेशंट होते. पट्टी सुटल्यावर कुणी मुलाचा चेहरा चाचपत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. सरांनी डोळा उघडला, आमच्यावरून नजर फिरवली आणि खोलीच्या कोपऱ्यात फरशी पुसायची प्लास्टिकची बादली होती तिच्यावर थांबवली.

"ती बादली कुणाची आहे?" ते म्हणाले.

"दवाखान्याची आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी इथं उभी आहे."

"हो, हो. पण ती बादली बघा!"

फरशी पुसणाऱ्या मावशी बादली न्यायला आल्या तर सरांनी त्यांना हात जोडून ती थोडा वेळ तिथेच राहू द्यायला सांगितलं. घरी आल्यावर रिक्षातून उतरले आणि फाटक पाहून जागच्या जागी उभे राहिले.

"हे कुणी रंगवलं?"

"तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या.

सर काही केल्या आत येईनात. शेवटी आम्ही त्यांना मागच्या बोळानं परसदारातून घरात घेतलं.

आता त्यांच्याकडे दोन निरनिराळे डोळे झाले होते. डावा मिटला की जग सकाळचं, उजवा मिटला की तेच जग संध्याकाळचं. ते घरभर एकेक डोळा मिटत फिरत होते. कुंडीतला गोकर्ण, सासूबाईंच्या साडीचे काठ, गॅसची ज्योत. ज्योतीपाशी तर किती वेळ उभे राहिले, आणि दूध उतू गेलं. संध्याकाळी त्यांनी वर्गातली मुलांची चित्रं मागवून घेतली. एकेक चित्र दोन्ही डोळ्यांनी पाहून बाजूला ठेवत होते. मधेच म्हणायचे, "अरेरे." मधेच, "हा गधडा तेव्हाही चुकलाच होता." मग सुजाताची मिरवणूक हातात आली.

त्यांनी डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. पुन्हा डावा मिटला. चित्र मांडीवर होतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "जावईबापू, खर्ड्याला गाडी कधी आहे?"

डॉक्टरीणबाईंनी धूळ, ऊन, प्रवास सगळ्याला मनाई केली होती. सासूबाईंनी आठवडाभर त्यांना थोपवून धरलं, त्यापलीकडे ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. शेवटी काळा चष्मा, त्यावर सासूबाईंनी बांधून दिलेला पांढरा रुमाल, हातात गुंडाळलेलं चित्र आणि पिशवीत रंग, अशा थाटात आम्ही माळीवाड्याच्या स्टँडवर जामखेडची गाडी पकडली. मी त्यांना खिडकी मिळवून दिली, ती चूक झाली. चष्मा कपाळावर सारून सर एकदा हा डोळा, एकदा तो डोळा मिटत बाहेर पाहू लागले. बाहेरचं संपलं की आतलं. समोरच्या बाकावर निळं लुगडं नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या उठून उभ्या राहिल्या.

"ओ कंडक्टर! हे म्हातारं मघापासनं डोळे मारतंय मला!"

गाडी थांबली. मी ऑपरेशन, मोतीबिंदू, चित्रकला अशी सगळी हकीकत सांगितली. कंडक्टर म्हणाला, "अवो पन मिटायचे तर दोनी मिटा की!" सर उठून त्या बाईंना अत्यंत नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमच्या लुगड्याचा निळा फार चांगला आहे. जपा." यानं परिस्थिती सुधारली नाही. उरलेला प्रवास मी सरांना माझ्या जागेवर बसवून, खिडकीकडे पाठ करून घडवला.

सुजाताचं घर गावात, शाळेच्या मागे. वडील अंगणात खुर्चीवर बसले होते. सरांना पाहून गडबडीनं उठले, खाट टाकली, आईनं पाणी आणलं. सुजाता आतच होती.

"पोरगी म्हनती, मला रंग येत न्हाई," वडील अवघडून म्हणाले. "तुमीच सांगितलं म्हनं. म्हनलं, सर सांगत्यात म्हंजी खरंच आसंल. उगं पोरीचं वय कशाला घालवायचं?"

सरांनी चष्मा काढला. "तिला बाहेर बोलवा. मला तिच्याशी बोलायचंय, आणि तुमच्यासमोर बोलायचंय."

सुजाता दारात येऊन उभी राहिली. चौकटीला धरून.

"रंग तुला येत होता," सर म्हणाले. "मला दिसत नव्हता. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तू सांगत होतीस, निळाच आहे म्हणून. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

एवढा मोठा माणूस एवढ्या सरळपणे चूक कबूल करतो म्हटल्यावर ऐकणाऱ्यांनाच कुठे बघावं कळत नव्हतं. सुजाता खाली पाहत होती. मग म्हणाली, "सर, मी लई रडले. मला वाटलं, आमचा निळाच तसला हाय. आमालाच त्यो चांगला दिसतो, बाकी लोकांना मळका दिसतो."

चित्र उलगडून सरांनी भिंतीला टेकवून उभं केलं, पिशवीतून ट्यूबा काढल्या, पॅलेट आणि ब्रश तिच्यापुढे धरला.

"हा डावा डोळा अजून तसाच आहे. त्यातून मला तुझी मिरवणूक कशी दिसते ते तुला कालवता येईल? मी सांगतो, तू कालव."

सुजाता आधी बसेना. आईनं मागून हलकेच ढकललं तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसली. सर उजवा डोळा मिटून चित्राकडे पाहत, मग डावा मिटून पॅलेटकडे. "निळ्यात पिवळा घाल. अजून. थोडा तपकिरी. नाही, एवढा हिरवा नाही, जरा मारून टाक त्याला. अजून पिवळा." ती कालवत गेली. सुरेख निळा हळूहळू मरत चालला. वडीलही खुर्ची सोडून खाली उकिडवे बसले होते. अखेर सरांनी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीनं खात्री केली. "हा. हाच."

पॅलेटवर एक शेवाळी, राखाडी, आजारी रंग झाला होता. सुजातानं त्याच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या मिरवणुकीकडे पाहिलं, आणि एकदम खुदकन हसली.

"अगंबाई! सर, हे तर खरंच तळं हाय!"

"मग? मी खोटं बोललो होतो का?" सरही हसायला लागले. वडील हसले. आई पदर तोंडाशी धरून आत गेली आणि भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी घेऊन आली. जेवताना सर ताटातल्या रंगांबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत.

निघताना वडील म्हणाले, "नर्सिंगचं नाव घातलं न्हाई आजून. पोरगी म्हनंल तसं."

सुजाता म्हणाली, "येते मी सर. पन चित्रातला निळा बदलनार न्हाई."

"बदललास तर नापास करीन," सर म्हणाले.

ती आली. पुढे शिक्षण पुरं करून ती चित्रकलेची शिक्षिका झाली. मिरवणुकीचं ते चित्र विद्यालयाच्या कार्यालयात लागलं.

सरांनी मात्र डाव्या डोळ्याचं ऑपरेशन काही करून घेतलं नाही. महिना झाला, दीड महिना झाला, उन्हाळा गेला, दिवाळी आली. डॉक्टरीणबाईंचे निरोप येत होते. सासूबाई चिडल्या होत्या. सर म्हणायचे, वर्गाला या डोळ्याची गरज आहे. आणि खरोखर त्यांनी उष्ण आणि शीत रंगांचा सगळा पाठ आता डोळ्यांवर बसवला होता. कुठल्याही मुलानं चित्र दाखवलं की "हे सकाळी असं दिसेल, हे संध्याकाळी असं दिसेल" असं ते दोन्ही बाजूंनी सांगत. मुलांनाही मजा वाटे. "जगात माझ्याएवढं साहित्य कुठल्याच रंगशिक्षकाकडे नाही," असं ते अभिमानानं म्हणत. पण डावा डोळा अधू होत चालला होता. पायरी चुकायला लागली. चहाचा कप बशीबाहेर ठेवला जाऊ लागला. एकदा रस्त्यात सायकलवाल्यानं धक्का दिला आणि गुडघा फुटला, तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता रिक्षा बोलावली आणि त्यांना थेट सावेडीला नेलं.

डाव्या डोळ्याची पट्टी काढली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. मला वाटलं, आता मोठं व्याख्यान होणार. पण सवयीनं सरांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. असं कितीतरी वेळ केलं. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावून येऊन बसल्या तेव्हा त्यांच्याकडे पाहून पुन्हा तेच केलं.

"दोन्हीकडून सारखंच दिसतंय," ते म्हणाले.

"मग बरंच झालं की," सासूबाई म्हणाल्या.

"बरंच झालं," सर म्हणाले. आणि मग, मी तिथे आहे हे विसरून, अगदी हळू आवाजात, "पण त्या डोळ्यातून तुम्ही मला रोज हळद लागल्यासारख्या दिसायचात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "काहीतरीच. जावई बसलेत," असं म्हणून त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवशी चहाला फार वेळ लागला. सर अंगणाकडे बघत बसले होते, दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि मीही आत आवाज दिला नाही.